पलंगापासून बाथरूमपर्यंत

रात्री अडीच-तीनच्या सुमाराला ऐंशीच्या घरातली आई लघवीला उठते. पलंगापासून बाथरूमपर्यंत दहा-बारा पावलं. मध्ये एक उंबरठा, एक पायपुसणं, एक दार. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तिथल्या सगळ्यांना हे आवाज पाठ असतात. पलंग करकरतो, चपला शोधणारे पाय फरशीवर घासतात आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी कान देऊन जागं राहतं, बाथरूमची कडी पुन्हा वाजेपर्यंत.

या दहा-बारा पावलांत शरीर काय काय करतं ते समजून घेतलं की थक्क व्हायला होतं. रक्त, कान, डोळे, तळपाय, मेंदू सगळे एकाच वेळी कामाला लागलेले असतात, आणि त्यातलं काहीही आपल्याला जाणवत नाही. सत्तर वर्षं हे बिनबोभाट चाललेलं असतं. म्हातारपणात ही मुकाट कामं एकेक करून मंदावतात. आईवडिलांची देखभाल म्हणजे मुख्यतः हेच, असं मला वाटतं: शरीर जे आपसूक करत होतं, ते ओळखायचं आणि जमेल तेवढं बाहेरून करून द्यायचं. पण त्यासाठी ते काम आधी ठाऊक हवं.

मुळात तिला रात्री उठावं का लागतं? तरुणपणी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रात्री एक संप्रेरक जास्त सोडते. त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, लघवी कमी आणि दाट होते, आणि माणूस सलग झोपू शकतो. वय वाढलं की दिवस-रात्रीचा हा फरक पुसट होत जातो. त्यात दुसरी एक गोष्ट मिळते, जी मला फार विलक्षण वाटते. दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसल्यावर घोट्यांभोवती पाणी साठतं. संध्याकाळी मोज्याची खूण उमटते ती त्याचीच. रात्री माणूस आडवा झाला की ते पाणी हळूहळू रक्तात परततं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढायला लागतात. म्हणजे रात्री अडीचची लघवी दुपारभर पायांत वाट बघत होती! म्हणून दुपारी तासभर पाय उशांवर उंच ठेवून पडलं, तर त्यातला काही भाग झोपण्याआधीच निघून जातो. बीपीसाठी किंवा सुजेसाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची, हेही डॉक्टरांना विचारावं; बहुतेकदा सकाळची वेळ सोयीची पडते. सूज मात्र नवी असेल, एकाच पायावर असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर उशा रचत न बसता डॉक्टरांकडे जायला हवं.

आता ती उठून उभी राहते.

उभं राहिल्याबरोबर अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. शरीरात एकूण रक्त चार-पाच लिटर, त्यातलं एवढं काही क्षणांत खाली! मेंदू तर सगळ्यांत वर, आणि त्याला रक्ताचा खंड काही सेकंदसुद्धा चालत नाही. तरी आपल्याला भोवळ येत नाही, कारण मानेत जबड्याखाली जिथे नाडी हाताला लागते, तिथे धमनीच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं गुंफलेली असतात. भिंत किती ताणली आहे, याची खबर ती प्रत्येक ठोक्याला मेंदूकडे पाठवतात. ताण कमी झाला की निरोप जातो, हृदय जोरात धडधडू लागतं, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब सावरतो. हे सगळं आपण पहिलं पाऊल टाकायच्या आत होऊन गेलेलं असतं.

ऐंशीव्या वर्षी धमन्या ताठर झालेल्या असतात, त्यामुळे ताणाची खबर नीट मिळत नाही. हृदयही हाकेला पूर्वीसारखं धावत नाही. त्यात बीपीच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्या. मग उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ‘जरा चक्कर आली’ म्हणेपर्यंत माणूस खाली पडलेला असतो. घरात बीपीचं मशीन असेल तर हे मोजता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखवायचे. दवाखान्यात बीपी बहुधा खुर्चीत बसवून घेतात, त्यात हे दिसत नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी करायच्या नाहीत. उपाय साधा आहे: पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, पोटऱ्या आवळायच्या आणि मगच उभं राहायचं. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. जे काम रक्तवाहिन्यांनी करायचं, ते इथे स्नायू करतात. पोटभर जेवणानंतरही असाच दाब उतरतो, कारण रक्त आतड्यांकडे वळतं. दुपारी जेवून ताटावरून उठताना आजोबांचा तोल गेला, तर त्यामागे हे असू शकतं.

उभी राहिली, आता दिसायला हवं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होत जाते, अंधारात पूर्वीसारखी फाकत नाही, आणि भिंग पिवळसर, दाट होतं. ऐंशीला तर त्याहून कमी. आपल्याला जी खोली झिरो बल्बच्या उजेडात नीट दिसते, ती आईला जवळजवळ काळोखी दिसते, आणि हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं, कारण ते वर्षानुवर्षं हळूहळू घडलेलं असतं. यावर रात्री एकदम ट्यूबलाइट लावणं हाही उपाय नव्हे. म्हाताऱ्या डोळ्यांत प्रकाश विखुरतो, त्यामुळे दिपतं आणि सावरायला वेळ लागतो. पायाशी, भिंतीच्या तळाला सौम्य उजेडाचे दिवे असावेत, पलंगापासून बाथरूमपर्यंत ओळीने, शक्य तर हालचाल टिपून आपोआप लागणारे. उंबरठ्याच्या कडेला ठळक रंगाची पट्टी चिकटवावी. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड, मागे पांढऱ्या टाइल्स, असं सुंदर बाथरूम म्हाताऱ्या डोळ्यांना एकसलग पांढरं दिसतं. कमोडची सीट गडद रंगाची बसवली तरी फरक पडतो. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. चालताना खाली बघितलं की त्यातून जमीन धूसर दिसते. जिन्यावरून किंवा बाहेर जाण्यासाठी लांबचा वेगळा चष्मा असलेला बरा.

आणि कान. तोल सांभाळण्याचं यंत्र कानात आहे हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तीन वेगळ्या दिशांना वळलेल्या. डोकं कोणत्याही बाजूला वळलं की कुठल्यातरी नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळतं. त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे. समुद्रातले शंख-शिंपले याच पदार्थाचे बनतात. या कणांच्या भारामुळे आपल्याला खाली कोणती बाजू आणि वर कोणती, हे डोळे मिटूनही कळतं. कानात दगडाचे कण घेऊन आपण जन्मभर वावरतो!

वयानुसार हे कण सुटतात आणि कधीकधी नळीत शिरतात. मग कुशीवर वळलं किंवा वर फळीवरचा डबा बघितला, की खोली गरगर फिरते. डोकं तसंच स्थिर ठेवलं तर बहुधा मिनिटभराच्या आत थांबते. यावर अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एपली यांनी असा उपाय शोधला की सुरुवातीला अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. त्यांचा गाजलेला शोधनिबंध 1992 सालचा. रुग्णाचं डोकं ठरावीक क्रमाने, ठरावीक कोनांत वळवायचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणानेच कण नळीतून घरंगळत पुन्हा पिशवीत पडतात. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, काही मिनिटांचं काम. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण कितीतरी आज्या-आजोबा महिनोन्महिने चक्करेच्या गोळ्या खात राहतात. तेव्हा ‘चक्कर येते’ एवढं ऐकून थांबू नये, ‘कधी येते?’ हे विचारावं. उभं राहिल्यावर येत असेल तर रक्तदाबाकडे बघायचं, पलंगावर कूस बदलताना येत असेल तर कानाकडे. आणि चक्करेसोबत बोलणं बोबडं झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं.

मधुमेहाने तळपायांची संवेदना गेली असेल, तर जमिनीची खबरही मेंदूला नीट पोहोचत नाही. असा माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो आणि लाइट गेली की डुलतो. मागे पट्टा असलेल्या, तळ न घसरणाऱ्या चपला पलंगाशेजारी हाताशी असाव्यात. पायपुसणं घसरतं, म्हणून ते काढूनच टाकावं.

ती चालायला लागते, आणि शेजारच्या खोलीतून आपण काळजीने विचारतो, ‘आई, काही हवंय का?’ ती थांबते, वळते आणि उत्तर देते. या थांबण्यातही केवढा अर्थ आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं निरीक्षण मांडलं. वृद्धांच्या निवासातल्या 58 जणांशी चालता चालता गप्पा मारल्या, आणि कोण बोलण्यासाठी थांबतं एवढंच पाहिलं. बारा जण थांबले. त्या बारांपैकी दहा जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. तरुणपणी चालणं आपोआप होतं आणि मन गप्पांना मोकळं असतं. म्हातारपणी चालणं हेच लक्ष देऊन करायचं काम होतं, त्यात दुसरं काम मावत नाही. तेव्हा चालणाऱ्या आजीला मागून हाक मारायची नाही. समोर यायचं, ती थांबली की बोलायचं. ऐकू कमी येत असेल तरी समोरूनच, सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत बोलायचं. वयाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’सारखी व्यंजनं त्या पट्टीत असतात, ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच निसटतात. म्हणून ती म्हणते, ‘ओरडू नकोस, नीट बोल.’ तिचं म्हणणं अगदी अचूक असतं.

काठीचं तर मला फार अप्रूप वाटतं. उजवा खुबा किंवा उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, कारण आधार तिथे हवा असं वाटतं. पण एका पायावर उभं राहिल्यावर शरीर उचललेल्या पायाकडे कलायला बघतं, आणि त्याला सावरतात ते खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू. हा एक तराजू आहे: खुब्याचा सांधा मध्ये, एका बाजूला लांब दांडीवर सगळं शरीर, दुसऱ्या बाजूला आखूड दांडीवर हे स्नायू. दांडी आखूड म्हणून स्नायूंना शरीराच्या वजनाहून कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि तो सगळा भार सांध्यावर येतो. काठी विरुद्ध हातात धरली, की ती सांध्यापासून लांब, जड पारड्याच्या बाजूला टेकते. तिच्यावर थोडंसं दाबलं तरी स्नायूंचा मोठा जोर वाचतो. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तेवढी काठीची उंची हवी, आणि खालचं रबर झिजलं की लगेच बदलायला हवं.

बाथरूमबद्दल थोडक्यात. फरशी कोरडी, कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले दांडे (टॉवेल लावायच्या दांड्यावर माणसाचा भार पेलत नाही), बसून अंघोळ करायला स्टूल किंवा खुर्ची. आणि दार बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडलं तर दार ढकलताच येत नाही. आतून कडी न लावण्याचं आईला पटत नसेल, तर बाहेरूनही उघडता येईल असं लॅच बसवावं. तिची लाज राखणं हीदेखील देखभालच आहे.

आणि तरीही कुणी पडलं तर? घाईने बगलेत हात घालून उचलायचं नाही. आधी मिनिटभर तसंच राहू द्यायचं, कुठे दुखतंय ते विचारायचं. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेलं असेल तर बहुधा खुबा मोडला आहे. मग हलवायचं नाही, 108ला फोन करायचा. काही मोडलेलं नसेल तर कुशीवर वळवून, हात-गुडघ्यांवर आणून, समोर भक्कम खुर्ची ठेवून तिच्या आधाराने उठू द्यायचं. डोक्याला मार लागला असेल तर ‘टेंगूळसुद्धा आलं नाही’ म्हणून निर्धास्त होऊ नये. वयाने मेंदू थोडा आक्रसतो, आणि मेंदूपासून कवटीच्या आतल्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. साध्या धक्क्याने त्यातली एखादी फाटली, तर रक्त थेंबाथेंबाने साठत जातं आणि गुंगी, डोकेदुखी, चालण्यातला बदल कधीकधी तीन-चार आठवड्यांनी दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

रात्री उठावं लागू नये म्हणून पुष्कळ म्हातारी माणसं एक युक्ती करतात: पाणीच कमी पितात. ती सोसण्यासारखी वाटते, कारण त्यांना तहानच लागत नाही. 1984 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरोगी तरुणांना आणि सत्तरीच्या आसपासच्या निरोगी पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं. म्हाताऱ्यांच्या रक्तात क्षारांचं प्रमाण जास्त चढलं, तरी त्यांना तहान कमी लागली, आणि पाणी समोर आल्यावर ते प्यायलेही कमी. गरज जास्त आणि मागणी कमी! तेव्हा ‘पाणी हवंय का?’ असं विचारून उपयोग नाही. उत्तर ‘नको’ येणार. पेला हातात द्यायचा. सकाळी पेज, अकराला ताक, दुपारी सरबत असं दिवसाच्या पहिल्या भागात वाटून द्यायचं आणि रात्रीच्या जेवणानंतर हात आखडता घ्यायचा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून द्यावं लागतं, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

याच्याच शेजारी सोडियम येतं. ‘सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट केलं’ हे वाक्य आज जवळजवळ प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. रक्तात सोडियम 135 ते 145च्या मध्ये असावं लागतं. ते उतरलं की पाणी पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. बाकी शरीराला फुगायला जागा आहे, कवटीतल्या मेंदूला नाही. माणूस पेंगुळतो, तोल जातो, असंबद्ध बोलतो. कारणं बरीच आहेत: लघवीच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या, नावापुरतं जेवून चहा-पाण्यावर राहणं. थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. सोडियम हळूहळू उतरलं, तर मेंदूच्या पेशी दोन-तीन दिवसांत आपल्याकडचे क्षार आणि इतर द्रव्यं बाहेर टाकून पुन्हा मूळ आकाराला येतात. त्यांनी नव्या परिस्थितीशी जुळवून घेतलेलं असतं. अशा वेळी सोडियम झपाट्याने वाढवलं तर त्या पेशींतलं पाणी एकदम ओढलं जातं आणि मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंची आवरणं खराब होऊ शकतात. म्हणून हॉस्पिटलमध्ये ते मोजून-मापून, दिवसाला थोडं थोडं वाढवतात. ‘एवढ्यासाठी चार दिवस कशाला?’ याचं उत्तर हे. आणि म्हणूनच घरी मीठपाणी पाजून हा उपाय करायचा नाही.

काल नीट बोलणारी आई आज अचानक भलतंच बोलू लागली, तर ‘वयच झालं’ किंवा ‘विसरभोळेपणाचा आजार झाला’ असं म्हणू नका. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. तासां-दिवसांत आलेला गोंधळ, जो सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो, तो शरीराने मेंदूकरवी दिलेला निरोप असतो. कधी तापाशिवायचा लघवीचा जंतुसंसर्ग, कधी सोडियम, कधी तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कधी दुकानातून सहज आणलेली सर्दीची गोळी. बहुतेकदा कारण सापडलं की माणूस परत येतो. हॉस्पिटलात तर हा गोंधळ फार होतो. अमेरिकेत डॉ. शॅरन इनुये यांनी 1999 साली 852 वृद्ध रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय चष्मा लावून देणं, कानाचं यंत्र देणं, पाणी पाजणं, हात धरून चालवणं, आज वार कोणता ते सांगत राहणं, रात्री शांत झोपू देणं. नेहमीच्या उपचारांत 15 टक्के रुग्णांना गोंधळाचा झटका आला, या दुसऱ्या गटात 9.9 टक्क्यांना. एकही नवं औषध न देता! आईला ॲडमिट करताना फाइल आणि चार्जर आपण आठवणीने घेतो. चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्रही त्याच पिशवीत जायला हवं.

गोळ्यांमधली एकच गोष्ट सांगते. झोपेसाठी पूर्वी सर्रास दिली जाणारी डायझेपाम चरबीत मुरते, आणि वयानुसार शरीरात स्नायू घटून चरबीचं प्रमाण वाढतं. 1975 सालच्या एका अभ्यासात दिसलं की रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला विशीत साधारण वीस तास लागतात आणि ऐंशीत जवळजवळ नव्वद. आजची गोळी जेमतेम निम्मी उतरेपर्यंत पुढच्या तीन गोळ्या पोटात गेलेल्या असतात. आठवड्याने ती व्यक्ती दिवसाही झोकांड्या खाते. अशी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. डॉक्टर ती पायरी-पायरीने उतरवतात. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि दुकानातून आणलेली पाकिटं एकाच पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतावीत. यातली कोणती आता नको, हा प्रश्न आपणच विचारावा लागतो.

पडण्याच्या भीतीने घरचे शेवटी म्हणतात, ‘आई, तू उठूच नकोस. सगळं पलंगावर देऊ.’ यामागची माया खरी आहे, पण शरीर पलंगावर फार वेगाने झिजतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवक दहा दिवस अंथरुणात राहिले, आणि तेवढ्यात त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस घटलं. त्वचेचंही तसंच. निरोगी माणूस झोपेत रात्रभर नकळत कूस बदलत असतो, म्हणून माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर एका जागी दाब राहत नाही. जो वळू शकत नाही त्याच्या बारीक केशवाहिन्या शरीराच्या भाराने चेपून राहतात आणि काही तासांत खालची कातडी मरू लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचं. दाब काढल्यावर क्षणभर पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही, त्या जागेवरचा भार काढायचा आणि डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवायचं.

उलट दिशेचा प्रयोग 1990 सालचा, बॉस्टनचा. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या संस्थेतल्या 86 ते 96 वर्षांच्या दहा अशक्त माणसांना मांड्यांसाठी वजनं उचलायला लावली. हलकी नव्हेत, पेलवतील त्याच्या ऐंशी टक्के. आठ आठवडे. नऊ जणांनी प्रयोग पुरा केला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू 9 टक्क्यांनी, आणि दोघांनी चालताना काठी सोडली. नव्वदीतला स्नायू काम दिलं तर वाढतो! वयाने तो ऐकण्याचं विसरत नाही, आपणच त्याला सांगायचं बंद करतो. प्रयोग थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद 32 टक्क्यांनी उतरली, हेही त्याच निबंधात आहे.

घरी यासाठी यंत्र लागत नाही. हातांची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, पुढे झुकायचं, उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला हातांनी रेटून, पुढे एका हाताने, मग हात छातीवर घेऊन. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. फिजिओथेरपिस्टने एकदा घरी येऊन बघितलेलं उत्तम, आणि छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी. जेवणात डाळ, दही, पनीर, अंडं, जे चालत असेल ते वाढवायचं, कारण स्नायू त्यातूनच उभा राहतो. पहिले काही दिवस आई कुरकुरते. तेव्हा समोर दुसरी खुर्ची घेऊन आपणही तिच्याबरोबर उठ-बस करावी. पन्नाशीतल्या मांड्यांनाही त्याची तितकीच गरज असते.